चिंतामणीची जागा

१

रविवारी दुपारी नेवाशात माणूस काय करतो? जेवतो आणि झोपतो. फारच उत्साही असला तर उठल्यावर चौकात चहाला जातो. या नियमाला अपवाद अशी तीन माणसं गावात होती आणि ती तिन्ही मोनिकाच्या क्लासच्या खोलीत सापडत.

खोली बियाण्यांच्या दुकानाच्या माडीवर होती. आठवडाभर मोनिका तिथं दहावीच्या पोरांना गणित शिकवी. रविवारी दोन बाक जोडून टेबल व्हायचं, त्यावर वीस बाजूंचे फासे यायचे आणि फळ्यावरचं शनिवारचं समीकरण तसंच अर्धवट ठेवून खेळ सुरू व्हायचा. हा खेळ ती पुण्याच्या हॉस्टेलात शिकून आली होती. मोनिका गोष्ट सांगणार. बाकीच्यांनी त्या गोष्टीतला एकेक माणूस व्हायचं. "तुम्ही नदीकाठी आलात, होडी पलीकडे आहे, काय करता?" असं ती विचारणार, आपण आपल्या माणसाच्या तोंडानं सांगायचं, आणि ते जमतं की फसतं हे फासा ठरवणार. जिंकणं-हरणं यात नाही. "मंग खेळायचं कशाला?" असं करणनं पहिल्या दिवशी विचारलं होतं, आणि त्यानंतर त्याचा एकही रविवार चुकला नाही.

करणचं ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. घरी बायकोनं वाढलेलं कारलं निमूट खाणारा हा माणूस बाकावर बसला की भीमा पहिलवान व्हायचा आणि दिसेल त्याला उचलून आपटायचा. भीमात त्यानं स्वतःचं काही म्हणजे काही घातलं नव्हतं. "घरी हायेच की मी रोज," तो म्हणायचा. "हितं बी मीच कशाला?"

मोनिकाचं मत थोडं वेगळं होतं. "स्वतःला घालावं, पण मिठाएवढं. अजिबात नसलं तर माणूस अळणी होतो. आणि मूठभर टाकलं तर कुणालाच खाता येत नाही."

अवधूतनं मान डोलावली. मान डोलावण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. पण करायचं तेच त्यानं केलं.

२

अवधूत हा दत्तोपंत गुरुजींचा एकुलता एक मुलगा. दत्तोपंत प्रवरेच्या घाटावर दशक्रिया करत. तालुक्यात कुणी गेलं की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन वाजायचाच, आणि घरात शोभाताई, म्हणजे अवधूतची आई, तेवढ्यावरून ओळखायच्या की उद्या स्वयंपाक उशिरा. पोरगा मात्र फार्मसी शिकला आणि श्रीमंत शेठच्या मेडिकलमध्ये काउंटरवर उभा राहिला. आता पुण्यातल्या एका औषध कंपनीनं त्याला बोलावलं होतं. दिवाळीनंतर हजर व्हायचं होतं.

त्यानं घरी विषय काढून पाहिला. अण्णांनी, म्हणजे दत्तोपंतांनी, आवाज चढवला नाही. "मला अग्नी दे आणि मग जा कुठं जायचं तिथं," एवढंच म्हणाले आणि पंचांग उघडून बसले.

अवधूतची गोची अशी होती की त्याला जायचंही होतं आणि 'जा' हा शब्द अण्णांच्या तोंडून ऐकायचाही होता. न सांगता निघून जाणारी माणसं असतात, तो त्यातला नव्हता. आपण गेलो तरी पाटावरची आपली जागा आपलीच राहील, एवढं कुणीतरी म्हणायला हवं होतं. ते कुणी म्हणत नव्हतं आणि दिवाळी जवळ येत होती.

मग त्यानं ते काम खेळातल्या माणसावर सोपवलं. त्याचा माणूस गुरुजींचा मुलगा होता आणि एका पहाटे घरातून न सांगता निघून आला होता. पहिल्या रविवारी अवधूतनं त्याला आपल्या मनगटावरचा डाग दिला. मुंजीत होमाचा निखारा उडून पडलेला तो डाग होता. पुढं फासा टाकण्याआधी बोटं मोडायची सवय दिली. पाण्याची भीती दिली, भातात खळगा करून त्यात सार ओतायची पद्धत दिली. वाहत्या नळासारखं चाललं होतं त्याचं.

नावाला तो अडला होता. मग त्याला आठवलं, आपलं एक नाव रिकामंच पडलंय की. बारशाला कानात सांगितलेलं, राशीवरचं. चिंतामणी. पत्रिकेत होतं, मुंजीच्या संकल्पात एकदा उच्चारलं होतं, त्यानंतर कुणी त्या नावानं हाक मारली नव्हती. ते त्यानं देऊन टाकलं. गोत्रही आपलंच सांगितलं, भारद्वाज.

"गोत्र कशाला लागतंय गेममधी?" करणनं विचारलं.

"गुरुजीचा मुलगा आहे. गोत्र नको?"

एका रविवारी गोष्टीत चिंतामणीची बापाशी गाठ पडली. बापाचं मोनिका बोलत होती. अवधूतनं चिंतामणीच्या तोंडून सगळं बोलून घेतलं, घाटाचं, मेलेल्या माणसांच्या भाताचं, तुमच्यानंतर मी म्हणजे माझ्यानंतर कोण, हेसुद्धा. मोनिकाच्या हातातला खडू तसाच राहिला. करण खिडकीबाहेर बघत बसला.

"लई खरं बोलला राव," तो शेवटी म्हणाला.

अवधूतला खूप हलकं वाटलं. इतकं हलकं त्याला बऱ्याच वर्षांत वाटलं नव्हतं.

३

पण चिंतामणीची एक खोड त्याला आवरेना. कुठल्याही गावात पोचले, कसल्याही संकटात सापडले, तरी चिंतामणी म्हणायचा, मला घरी जायचंय.

"सारखं काय रे?" मोनिकानं एकदा विचारलं. "घर सोडून आलाय ना तो? मग तू सारखं हेच का म्हणतोस?"

"मी नाही, तो म्हणतोय," अवधूत म्हणाला, आणि आपणच काय बोललो याचं त्याला हसू आलं. मोनिकाही हसली, जरा उशिरा.

श्रावणातल्या एका रविवारी गोष्टीत नदी आली. चिंतामणी पाण्यात उतरला आणि फाशावर एक पडला. एक म्हणजे सगळ्यात वाईट.

"वाहत गेला आणि पुढच्या गावाला काठाला लागला, असं म्हणू?" मोनिकानं वाट काढून दिली.

"नको. पडला तो पडला. मेला."

खरं तर त्याला चिंतामणीचा कंटाळा आला होता. कुणी आपलंच तोंड घेऊन सारखं घरी जायचं म्हणत बसलं तर कंटाळा येणारच.

"मंग दहावा तूच घाल बाबा," करण म्हणाला. "गुरुजीचं पोरगं असून बिनदहाव्याचा सोडतो काय त्याला?"

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते असं. अवधूत उठला. करणच्या डब्यातला भात घेऊन त्यानं पिंड वळला. तीळ नव्हते, म्हणून कारळ्याची चटणी भुरभुरली. दर्भाच्या जागी झाडूची काडी आली. इथवर थट्टा होती. मग त्यानं शर्टात हात घालून जानवं उजव्या खांद्यावर घेतलं. ते त्यानं सवयीनं केलं. लहानपणापासून अण्णांशेजारी बसून पाहिलेलं हाताला पाठ होतं. संकल्प त्यानं पूर्ण म्हटला. भारद्वाज गोत्र म्हटलं, चिंतामणी म्हटलं, आणि दहाव्याला नावापुढं प्रेत हा शब्द लावतात तोही लावला. त्याचा आवाज हुबेहूब घाटावरच्या अण्णांसारखा येत होता.

पिंड खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. त्या खिडकीत पोरांच्या डब्यातलं सांडलेलं खायला कावळ्यांची नेहमी झुंबड असे. आजही ते समोरच्या तारेवर ओळीनं बसले होते. एकही खाली येईना.

"इच्छा राहिली त्याची," करण हसत म्हणाला. "कबूल कर कायतरी. आमच्या आज्याच्या टायमाला, इहिरीवर मोटर बसवतो म्हनल्यावर शिवला हुता."

घाटावर हे रोज चालतं. कावळा शिवत नसला की घरची माणसं पुढे होऊन मेलेल्याला शब्द देतात, पोरीचं लग्न करू, म्हातारीला सांभाळू. शब्द पटला की कावळा उतरतो. अवधूतनं हे शेकडो वेळा पाहिलं होतं. उन्हानं त्याचं डोकं चढलं होतं, भूक लागली होती. त्यानं हात जोडले.

"चिंतामणी, तुला घरी जायचं होतं ना? जा. तिथली जागा तुला दिली."

एक कावळा तारेवरून सुटला, कट्ट्यावर बसला आणि त्यानं भातात चोच घातली. बाकीचे आले नाहीत. त्यानं शांतपणे खाल्लं.

करण टाळी देऊन हसला. मोनिका हसली नाही. कावळा उडाल्यावर तिनं उठून खिडकी लावून घेतली, एवढ्या उकाड्यात.

४

संध्याकाळी अवधूत घरी आला तेव्हा त्याचा पंचा दोरीवर ओला होता.

तो सकाळी वाळलेला पंचा घडी करून ठेवून गेला होता. आता दोरीवरून पाणी ठिबकत होतं आणि खाली फरशीवर ओल्या पावलांचे ठसे न्हाणीघरातून मधल्या खोलीकडे गेले होते. परत आलेले नव्हते.

"माझा पंचा कुणी घेतला?" त्यानं विचारलं.

"कोण घेणार?" शोभाताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "तूच तर आल्या आल्या न्हाणीत शिरलास. म्हटलं, कुणाच्या दहाव्याला गेला होता की काय हा."

"मी आत्ता येतोय, आई."

"बरं," त्या म्हणाल्या. कढईत फोडणी पडली आणि पुढचं बोलणं त्यात बुडालं.

अवधूतनं मधल्या खोलीत डोकावून पाहिलं. अण्णांचा पाट होता, पुस्तकांचं कपाट होतं, खिडकीशी त्याची कॉट होती. कॉटवरची चादर बसल्यासारखी दबली होती. आईला साखरेचा त्रास, गोळ्या वेळेवर घेत नाही, त्यातून असा गोंधळ होतो; मेडिकलमध्ये उभा राहणाऱ्याला हे सांगायला नको. त्यानं त्याच रात्री तिच्या गोळ्यांचा डबा तपासला. गोळ्या बरोबर होत्या.

५

त्यानंतर मोठं असं काही झालं नाही. जे झालं ते बारीकसारीक होतं, आणि प्रत्येकाला कारण होतं.

दुपारी जेवायला आला की आई म्हणे, "पुन्हा? आत्ताच तर हात धुतलास." त्याच्या पाटासमोर उष्टं ताट असे, त्यातल्या भाताला खळगा केलेला. तो समजला, अण्णांकडे कुणीतरी मुलगा मंत्रांची संथा घ्यायला येत असेल, आई त्याला जेवू घालत असेल. विचारावं म्हटलं तर आई म्हणे, "कोण मुलगा?"

अण्णा एका संध्याकाळी घाटावरून आले ते खुशीत होते. इतक्या खुशीत त्यानं त्यांना मुंजीनंतर पाहिलं नव्हतं.

"आज मंत्र स्वच्छ होते तुझे," ते म्हणाले. "माझा आवाज बसला तिथं बरोबर उचललंस. मी उगाच काळजी करत होतो."

अवधूत सकाळपासून काउंटरवर होता. तसं तो म्हणालाही. अण्णांनी त्याच्याकडे पाहिलं, डोळे बारीक करून, लांबचं काही वाचावं तसं. मोतीबिंदू पिकला होता त्यांचा. ऑपरेशन दिवाळीनंतर करायचं ठरलं होतं. अवधूतनं स्वतःला समजावलं की जवळ कुणी दुसरा बसला असेल आणि म्हाताऱ्याला तो आपणच वाटला असेल. ही समजूत त्याला पटली. त्यातलं अण्णांचं खूश होणं तेवढं त्याला लागलं.

मग एका सकाळी, तो मोटारसायकल पुसत असताना, आईनं आतून हाक मारली.

"चिंतामणी, चहा."

त्याच्या हातातलं फडकं थांबलं. हे नाव आईला आठवतं, याचंच त्याला आधी नवल वाटलं. म्हातारपणी जुनं वर येतं म्हणतात. तो फडकं टाकून दारापाशी गेला. आतून कप बशीवर ठेवल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ बोटं मोडल्याचा, एकामागून एक, सावकाश. तो उंबऱ्याशी उभा राहिला. स्वयंपाकघरात आई एकटीच होती आणि कप रिकामा होता.

"मला नाही दिलास?" त्यानं विचारलं.

आई दचकली. "तू कधी आलास?" ती म्हणाली, आणि मग जरा वेळानं, "बस, ठेवते हं," असं, दारावर आलेल्या माणसाला म्हणावं तसं.

६

पितृपंधरवडा लागला तसं घाटावर काम वाढलं, आणि अवधूत सकाळी उठे तेव्हा अण्णा निघून गेलेले असत. जाताना दोन जोडी चपला वाजत, तेवढं त्याला झोपेत ऐकू येई.

त्यानं मोनिकाला गाठलं. क्लास सुटला होता, पोरं जिना उतरत होती.

"काय काय दिलंस तू त्याला?" सगळं ऐकून घेतल्यावर मोनिकानं विचारलं. तिनं ते हसण्यावारी नेलं नाही याचाच त्याला धीर आला.

"डाग दिला. सवयी दिल्या. भीती दिली."

"नाव दिलंस. गोत्र दिलंस. अण्णांशी भांडण दिलंस." ती फळ्याकडे तोंड करून पुसत होती. "आणि स्वतःला काय ठेवलंस?"

अवधूत विचार करू लागला. मेडिकल ठेवलं. मोटारसायकल ठेवली. रविवारची दुपार ठेवली. पुण्याला जाणं ठेवलं. आणखी काहीतरी असणार, पण ते पटकन आठवेना.

"हात बघू," मोनिका म्हणाली.

त्यानं मनगट पुढं केलं. डाग नव्हता. कातडी नितळ होती, कधी काही भाजलंच नसावं अशी. त्यानं दुसरंही मनगट पाहिलं, कारण आपणच कुठला हात ते विसरलो असू. मग त्यानं बोटं मोडायला घेतली, तर एकही बोट वाजलं नाही.

"तू घरी सांगून टाक," मोनिका म्हणाली. "जे बोलायचं ते. तुझ्या तोंडानं. खेळात नाही. आईअण्णांसमोर बसून सांग, मी अवधूत, मला पुण्याला जायचंय, मला जा म्हणा. जा म्हटलं तरी बरं, नको म्हटलं तरी बरं. पण तुला म्हणू देत."

हे त्याला पटलं. सर्वपित्री अमावस्येला अण्णा घरी असतात, त्यांच्या स्वतःच्या पितरांचं तर्पण त्या दिवशी. दुपारी सगळे एकत्र जेवतात. त्या दिवशी बोलायचं त्यानं नक्की केलं, आणि जिना उतरताना कितीतरी दिवसांनी त्याला बरं वाटलं.

तो खाली पोचला तोवर मोनिका वर खिडकीत आली होती. "आणि रविवारी ये रे, चिंतामणी," ती म्हणाली. खेळातले लोक एकमेकांना त्या नावांनी बोलावतात, त्यात काही नाही. करणला ती भीमाच म्हणायची. पण बोलल्यावर तिनं तोंडावर हात ठेवला, आणि तसाच ठेवून ती आत गेली.

७

सर्वपित्रीला श्रीमंत शेठनं सुट्टी दिली नाही. दिली नाही म्हणजे अवधूत समोर उभा राहून बोलत होता आणि शेठ त्याच्या मागच्या गिऱ्हाइकाकडे बघत होते. शेवटी तो सुट्टी न मिळताच निघाला. कुणी अडवलं नाही. सकाळपासून त्याच्या पोटात काही नव्हतं, श्राद्धाच्या दिवशी पितरांआधी खायचं नसतं म्हणून.

ऊन कडक होतं. गल्लीतल्या सगळ्या घरांतून आमसूल आणि खिरीचा वास येत होता. घराचं फाटक आतून लावलेलं होतं. दिवसा ते कधी लावत नसत. त्यानं कडी वाजवली. कुणी आलं नाही. कंपाउंडची भिंत कमरेएवढीच होती आणि पलीकडे मधल्या खोलीची खिडकी सताड उघडी होती. तो भिंतीशी उभा राहिला.

आत तर्पण चाललं होतं. अण्णांचा आवाज त्यानं कुठूनही ओळखला असता. क्रम त्याला पाठ होता. आधी बाप, आजा, पणजा. मग आई, आजी, पणजी. मग आईकडचे. त्यानंतर पत्नी, सुत, कन्या, काका, मामा असं जे कोण गेलं असेल ते. सुत म्हणजे मुलगा. लहानपणी अण्णांशेजारी बसून हे ऐकताना त्याच्या लक्षात आलेलं होतं की पत्नी आणि सुत हे दोन शब्द गाळून अण्णांची जीभ न थांबता पुढं जाते, कारण ते शब्द या घरात कुणाला लागू नाहीत. तो पुढं जाण्याचा क्षण त्याला आवडायचा. अण्णांनी आपल्याला हात धरून खड्ड्यापलीकडे नेल्यासारखं वाटायचं.

आईकडचे झाले. पत्नी हा शब्द आला नाही.

"अस्मत्सुतम्," अण्णा म्हणाले, आणि तिथं ते थांबले. त्यांचा आवाज बसला होता. मग शेजारून दुसऱ्या आवाजानं तो उचलला, स्वच्छ, न अडखळता. "अवधूतशर्माणम्. भारद्वाजगोत्रम्."

खिडकीतून अण्णांचा ओला खांदा दिसत होता. त्याच्यालगत एक हात पुढं आला आणि अंगठ्यावरून पाणी सोडून मागं गेला. मनगटावर डाग होता. बाकीचं भिंतीआड होतं.

अवधूतला ओरडायचं होतं. तो ओरडलाही असेल. शेजारच्या छपरावर झोपलेलं मांजर उठून दुसरीकडे गेलं, एवढंच झालं.

दार उघडलं आणि शोभाताई बाहेर आल्या. त्यांच्या हातात केळीचं पान होतं. त्यावर भात, वरण, वडे, खीर, आमसुलाची चटणी असं सगळं थोडं थोडं होतं. त्या अंगण ओलांडून भिंतीपाशी आल्या, अगदी त्याच्यासमोर, आणि त्यांनी पान भिंतीवर ठेवलं. मग दोन पावलं मागं सरून त्या उभ्या राहिल्या.

"आई," तो म्हणाला. "आई, मी अवधूत."

त्या त्याच्याकडे बघत होत्या. डोळ्यांत पाणी होतं. पण पोराकडे बघताना नजर जशी तोंडावर जाते तशी ती जात नव्हती. ती पानाकडे आणि त्याच्याकडे, पानाकडे आणि त्याच्याकडे अशी फिरत होती.

"शिवला का?" अण्णांनी दारातून विचारलं.

"नाही हो. येऊन बसलाय, पण नुसता बघतोय."

अण्णा पंच्यानं हात पुसत बाहेर आले. दोन महिन्यांत म्हातारे झाल्यासारखे दिसत होते. ते आईशेजारी उभे राहिले. भात वाफाळत होता आणि अवधूतच्या पोटात खड्डा पडला होता. हात लावायचा नाही, एवढं एकच त्याला स्पष्ट कळत होतं. जोवर आपण हात लावत नाही तोवर काही पुरं होत नाही. हे सगळ्यात जास्त त्यालाच ठाऊक होतं, घाटावर वाढलेला पोरगा होता तो.

"मनात राहिलं असेल त्याच्या," शोभाताई म्हणाल्या. "म्हणा ना काहीतरी."

अण्णांचे ओठ हलले. शब्द येईना. तेव्हा आतल्या अंधारातून, अगदी हळू, अवधूतच्याच आवाजात कुणीतरी आठवण करून दिली. "पुण्याचं म्हणा, अण्णा."

अण्णांनी हात जोडले. त्यांची मान खाली होती.

"अवधूत," ते म्हणाले. "मी तुला अडवायला नको होतं, बाळा. तू जा पुण्याला. मी मनापासून सांगतो, जा. इथली काळजी करू नकोस. इथं चिंतामणी आहे."

इतके दिवस ज्या शब्दासाठी तो थांबला होता तो शब्द त्यानं आता ऐकला. अण्णा रडत होते. त्यांना असं त्यानं कधी पाहिलं नव्हतं, आणि ते आपल्यासाठी रडतायत हे पाहून त्याच्या मनातली सगळी अढी गेली. त्यांना तसंच हात जोडून उन्हात ताटकळत ठेवणं त्याच्यानं होईना. त्यानं हात पुढं केला. भात अजून गरम होता.

शोभाताईंनी पदरानं डोळे टिपले आणि त्या घराकडे वळल्या.

"शिवला," त्या म्हणाल्या. "चला, पानं वाढते. चिंतामणी, पाट घे रे."